मागच्या खुर्चीवरचा माणूस

लंडनच्या उत्तर भागात हेंडन येथे ब्रिटिश हवाई दलाचे संग्रहालय आहे. तेथे पहिल्या महायुद्धातले एक लाकडी बॉम्बफेकी विमान जपून ठेवलेले आहे. त्याचा क्रमांक एफ १०१०. हे विमान हैदराबादच्या निजामाने दिलेल्या देणगीतले. आता आमच्या नरसीचा आणि जर्मनीवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा काय संबंध, असे कोणीही विचारील. पण संबंध आहे. १९१८ साली नरसी, हिंगोली, सगळा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कयाधूच्या काठी ज्वारी आणि कापूस पिकवणारा माणूस आपला सारा हाली रुपयांत भरत होता. त्यातला नेमका कोणता रुपया विमानात गेला हे कोणी दाखवू शकणार नाही, पण संस्थानचा मोठा पैसा जमिनीच्या साऱ्यातूनच येई. म्हणजे आमच्या आजा-पणजांनी विमान डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, तेव्हा त्यांच्या घामाचा काही अंश फ्रान्सच्या आभाळात उडत होता.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी या एका विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे. युद्धात फाटलेली, जळालेली, इंजिन बंद पडलेली बॉम्बफेकी विमाने आणि त्यांतून जिवंत राहिलेली माणसे. अशा गोष्टी कोणाला आवडत नाहीत? इतिहासाच्या तासाला एखादी सांगितली की शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करी. मात्र वाचता वाचता एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तीच आज सांगायची आहे. अशा विमानातून कोण वाचला याचे उत्तर शौर्यात आणि दैवात थोडेसेच सापडते. पुष्कळसे उत्तर तो माणूस विमानात कोठे बसला होता यात असते. आणि ती जागा, विमान उडण्याच्या कितीतरी आधी, कोणीतरी कागदावर आखून ठेवलेली असते.

आधी निजामाच्या विमानाचेच पाहू.

मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १८ विमाने दिली. त्यामुळे त्या तुकडीच्या नावात 'हैदराबाद' आले आणि विमानांच्या अंगावर निजामाच्या देणगीचा मजकूर रंगवला गेला. विमाने डी.एच. ९ए जातीची होती. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, आणि पुढे सुमारे ४०० अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी इंजिन. माणसे दोन, दोघेही उघड्यावर. पुढे वैमानिक आणि त्याच्या पाठीशी निरीक्षक. मागून येणाऱ्या शत्रूवर बंदूक चालवायची ती या निरीक्षकाने.

याच कंपनीचे आधीचे विमान डी.एच. ४. त्यात वैमानिक आणि निरीक्षक यांच्या मधोमध पेट्रोलची मोठी टाकी होती. इंजिनाच्या आवाजात एकमेकांशी बोलणे अवघड, आणि टाकीला गोळी लागली तर दोघांच्या मध्ये आगीचा लोळ. पुढे डी.एच. ९ आखताना वैमानिकाची जागा टाकीच्या मागे, निरीक्षकाला जवळजवळ खेटून नेली. ९ए मध्ये तीच मांडणी राहिली. पाहायला गेले तर बदल दोन-तीन हातांचाच. पण आता मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर थाप मारून शत्रू कोणत्या अंगाने येतो आहे ते सांगू शकत होता.

पॅराशूट मात्र दोघांनाही नव्हते. ब्रिटिशांनी त्या युद्धात ते फुग्यातून टेहळणी करणाऱ्यांना दिले, विमानातल्या माणसांना दिले नाही. जर्मन वैमानिकांना १९१८ मध्ये ते मिळू लागले होते. म्हणजे वस्तू अस्तित्वात होती. कोणाला द्यायची, एवढेच ठरवायचे होते.

११० स्क्वाड्रन १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये दाखल झाली आणि ११ नोव्हेंबरला युद्ध संपले. या सव्वादोन-अडीच महिन्यांत तुकडीची १७ विमाने शत्रूच्या हद्दीतून परत आली नाहीत आणि आणखी २८ अपघातांत मोडली. मूळ देणगी १८ विमानांची, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा काय सांगतो ते कळते. निजामाचे नाव रंगवलेली विमाने संपत गेली, नवी येत गेली, आणि त्यांत बसणारी माणसेही तशीच संपत आणि येत गेली.

एफ १०१० ची पाळी ५ ऑक्टोबर १९१८ रोजी आली. कॅप्टन इंग्लिस वैमानिक होते आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली निरीक्षक. जर्मनीवरच्या हल्ल्यात त्यांचे विमान शत्रूच्या मुलखातच खाली आले. दोघेही वाचले आणि कैदी झाले. विमान इतके धड राहिले की जर्मनांनी ते पुढे बर्लिनच्या संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात तो संग्रह पोलंडकडे हलवला गेला, हे विमान क्राकोव्ह शहरी राहिले, आणि १९७७ साली ब्रिटिशांनी बदल्यात एक स्पिटफायर विमान देऊन ते परत नेले. पडलेल्या विमानाचा एवढा मोठा प्रवास! त्या दिवशी त्या दोघांना जमिनीपर्यंत नेणारे साधन एकच होते, ते विमान स्वतः. ते हवेत मोडले असते किंवा पेटले असते तर दुसरा उपाय त्यांच्यापाशी नव्हता.

आता पुढचे युद्ध. तुकडी तीच, नाव तेच, 'हैदराबाद'. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश हवाई दलाचा पहिला बॉम्बहल्ला झाला. विल्हेल्म्सहाफेनजवळ उभ्या असलेल्या जर्मन युद्धनौकांवर ११० स्क्वाड्रनची पाच ब्लेनहाइम विमाने आणि १०७ स्क्वाड्रनची पाच, अशी दहा विमाने तुटून पडली. ११० चे नेतृत्व फ्लाइट लेफ्टनंट डोरन यांच्याकडे होते. 'अ‍ॅडमिरल शेर' नौकेवर त्यांचे बॉम्ब पडले, पण फुटले नाहीत. दहातली पाच विमाने परतली नाहीत. ११० चे एक, १०७ ची चार.

ब्लेनहाइममध्ये तीन माणसे असत. वैमानिक, निरीक्षक आणि पाठीवरच्या घुमटात बसणारा बंदूकवाला. १०७ च्या एका पडलेल्या विमानातला वैमानिक सार्जंट प्रिन्स जखमांनी गेला. निरीक्षक बूथ आणि बंदूकवाला स्लॅटरी हे दोघे मात्र वाचले, आणि त्या युद्धात जर्मनांच्या हाती सापडलेले ते ब्रिटिश हवाई दलाचे पहिले कैदी ठरले. तेव्हा मागे बसला तो मेला, असा सरळ हिशेब नाही हे मी आधीच सांगून ठेवतो. कधी पुढचा जातो, कधी मागचा. माझे म्हणणे इतकेच, की एकाच विमानात, एकाच क्षणी, एकाच गोळीपुढे सगळ्यांचे नशीब सारखे नसते आणि त्या नशिबाचा एक भाग माणसाच्या हातचा असतो.

हे लक्षात येणे इतके अवघड का? कारण आपल्यापर्यंत परत आलेल्यांचीच गोष्ट पोहोचते. एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. अमेरिकन बी-१७ विमान आकाशात उडते आहे आणि त्याची शेपूट जवळजवळ तुटून लोंबते आहे. १ फेब्रुवारी १९४३ रोजी ट्युनिशियावर एक जर्मन लढाऊ विमान त्याला धडकले होते. विमानाचे नाव 'ऑल अमेरिकन', वैमानिक केन्ड्रिक ब्रॅग. ते अल्जीरियातल्या बिस्क्रा तळावर सुखरूप उतरले आणि आतल्या एकालाही इजा झाली नाही. छायाचित्र पाहून आपण म्हणतो, काय विमान, काय माणसे! खरेच आहे. पण त्याच युद्धात ज्यांची शेपूट पूर्ण तुटली त्यांचे छायाचित्र काढायला शेजारी कोण होते?

हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला तो अब्राहम वाल्ड यांनी. हे मूळचे मध्य युरोपातले ज्यू गणिती. नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेले आणि युद्धकाळात कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात काम करू लागले. गोळ्यांनी चाळण होऊन परत आलेल्या विमानांवरची भोके मोजायची आणि जेथे भोके जास्त तेथे जाड पत्रा बसवायचा, हा साधा विचार. वाल्ड यांच्या मांडणीतून निघाले ते उलटेच. ही भोके असूनही विमान परत आले, म्हणजे तेथे लागलेले विमानाला सोसते. जेथे भोके दिसत नाहीत तेथे लागलेली विमाने आलीच नाहीत. पत्रा हवा तो तेथे. याच वाल्ड यांना भारत सरकारने व्याख्यानांसाठी बोलावले होते. १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरात त्यांचे प्रवासी विमान कोसळले. पत्नीही बरोबर होत्या. दोघेही गेले.

वाल्ड यांनी यंत्राचा विचार केला. माणसांचा विचार करणारा दुसरा एक गणिती होता, फ्रीमन डायसन. पुढे जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ झाले, २०२० साली वारले. १९४३ मध्ये एकोणीस वर्षांचे असताना ते ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात आकडेमोड करायला लागले. या कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसे उडाली आणि त्यांतली ५५,५७३ मेली. जवळजवळ निम्मी. त्या माणसांना सांगितले जाई की पहिल्या काही फेऱ्या सांभाळा, अनुभव आला म्हणजे वाचण्याची शक्यता वाढते. सगळ्यांचा विश्वास होता. डायसन यांनी आकडे तपासले तेव्हा तसे काही दिसेना. अनुभवी तुकड्याही नवख्यांसारख्याच पडत होत्या. रात्रीच्या अंधारात खालून येऊन गोळ्या झाडणाऱ्या जर्मन विमानाला वरच्याचा अनुभव कोठून दिसणार?

मग त्यांच्या विभागाने आणखी एक गोष्ट पाहिली. विमान पाडले गेले तर आतल्यांपैकी किती जण पॅराशूटने उतरून जिवंत राहतात? दिवसा उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेक्यांतून निम्मे. ब्रिटिशांच्या जुन्या हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंग विमानांतून शेकडा २५. आणि सर्वांत नव्या, सर्वांत नावाजलेल्या लँकेस्टरमधून फक्त शेकडा १५. लँकेस्टरमध्ये सात माणसे असत. पुढच्या भागातून बाहेर पडायला जमिनीला एक झडप होती, २२ इंच रुंद. हॅलिफॅक्सची झडप २४ इंच होती. अंगावर जाड कपडे, त्यावर पॅराशूटचे पट्टे, काळोख, आणि गिरक्या घेत खाली जाणारे विमान. अशा वेळी दोन इंच म्हणजे काय, हे एस.टी.च्या गर्दीत पोते घेऊन दारातून उतरलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. डायसन यांचे सहकारी माइक ओलॉक्लिन यांनी झडप मोठी व्हावी म्हणून दोन वर्षे कागद पाठवले, भांडले. शेवटी मोठी झडप मंजूर झाली, पण ती विमानांत बसेपर्यंत युद्ध जवळजवळ संपले होते.

लँकेस्टरच्या अगदी शेपटीत एकटा बसणाऱ्या बंदूकवाल्याची स्थिती तर आणखी वेगळी. त्याची काचेची खोली इतकी अरुंद की पॅराशूट आत मावत नसे, ते मागच्या बाजूला विमानात टांगलेले असे. मार्च १९४४ मध्ये बर्लिनहून परतताना निकोलस अल्केमेड नावाच्या अशाच एका बंदूकवाल्याने दार उघडून पाहिले तर विमान पेटलेले आणि पॅराशूटही पेटलेले. जळून मरण्यापेक्षा बरे म्हणून त्याने सुमारे अठरा हजार फुटांवरून तशीच उडी मारली. पाइनची झाडे आणि बर्फ यांनी त्याला झेलले. पाय मुरगळण्यापलीकडे मोठे काही झाले नाही. ही गोष्ट जगभर सांगितली जाते आणि सांगण्यासारखीच आहे. पण ऐकणाऱ्यांतला एखादा तरी विचारील का, की त्याचे पॅराशूट त्याच्यापासून दूर का टांगलेले होते?

युद्ध संपले, जेट विमाने आली आणि वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर उडवणारी इजेक्शन सीट आली. आता तरी प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, उलट जास्त उघडा पडला. ब्रिटिशांच्या व्हल्कन या मोठ्या बॉम्बफेक्यात पुढच्या दोन वैमानिकांना अशा खुर्च्या होत्या. मागे बसणाऱ्यांना नव्हत्या. १ ऑक्टोबर १९५६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर खराब हवेत उतरताना एक व्हल्कन कोसळले. पुढचे दोघे खुर्चीसकट बाहेर पडून वाचले. मागचे चौघे विमानातच गेले.

आता आपल्याकडे येतो. १९५७ पासून भारतीय हवाई दलात कॅनबेरा विमाने येऊ लागली. दोन इंजिनांची, उंच उडणारी. पुण्याच्या लोहगाव तळावरही कॅनबेराची तुकडी होती. कॅनबेराचे आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होते, असे समजा. एक छायाचित्रे काढून टेहळणी करणारा आणि दुसरा बॉम्ब टाकणारा. टेहळणीच्या कॅनबेरात वैमानिक आणि नॅव्हिगेटर दोघांनाही इजेक्शन सीट होती. बॉम्बफेक्या प्रकारात वैमानिक वर, काचेच्या टोपणाखाली, इजेक्शन सीटवर बसे. नॅव्हिगेटर खाली, नाकाच्या पोकळीत. नेम धरायला त्याला पुढे पालथे पडावे लागे. त्याला इजेक्शन सीट नव्हती. वेळ आलीच तर त्याने बाजूच्या लहानशा दारापर्यंत जाऊन पॅराशूटसह उडी मारायची, अशी योजना होती.

या दोन मांडण्यांचा निकाल इतिहासाने शेजारी शेजारी लिहून ठेवला आहे. १० एप्रिल १९५९, ईदचा दिवस. टेहळणीच्या कॅनबेरातून स्क्वाड्रन लीडर सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट रामपाल रावळपिंडीच्या वर गेले असता पाकिस्तानच्या सेबर विमानाने त्यांना पाडले. दोघेही इजेक्शन सीटने बाहेर पडले, कैद झाले आणि पुढे सुटून परत आले. त्यानंतर सहा वर्षांनी, २१ सप्टेंबर १९६५ रोजी, युद्धबंदीला दोनच दिवस उरलेले असताना, रात्री परतणाऱ्या एका बॉम्बफेक्या कॅनबेराला पाकिस्तानच्या एफ-१०४ विमानाने क्षेपणास्त्र मारले. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लोवे बाहेर फेकले गेले, वाचले आणि कैदी झाले. नॅव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर के. के. कपूर वाचले नाहीत.

तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. युद्धाच्या बातम्या रेडिओवर ऐकायला माणसे गोळा होत आणि आपली विमाने कोठे कोठे बॉम्ब टाकून आली ते ऐकून आम्हा पोरांना स्फुरण चढे. त्या विमानात दोन माणसे असतात आणि दोघांना दोन वेगळे न्याय असतात, हे आम्हाला कोण सांगणार? मला ते कळले निवृत्तीनंतर, पुस्तकातून.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, सगळे खुर्चीवर घालून तुम्ही शौर्याला कमी लेखता आहात. तसे नाही. आपल्या मराठी माणसाचेच उदाहरण घेतो. दिलीप कमलाकर परुळकर. १९६५ च्या युद्धात हे तरुण अधिकारी हंटर विमानावर होते. हंटर हे एकट्याचे लढाऊ विमान. जमिनीवरून आलेल्या गोळीबारात विमानाला मार बसला आणि परुळकरांचा उजवा हात जखमी झाला. त्यांच्या नेत्याने सल्ला दिला, विमान सोड, बाहेर पड. त्यांनी तो न मानता मोडके विमान जखमी हाताने तळावर आणून उतरवले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. सहा वर्षांनी, १० डिसेंबर १९७१ रोजी, सुखोई-७ या बॉम्बफेकही करणाऱ्या लढाऊ विमानातून हल्ला करताना त्यांना पाकिस्तानात पाडले गेले. या वेळी मात्र त्यांनी विमान सोडले, वाचले आणि कैद झाले. १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटे ते आणि त्यांचे सोबती ग्रेवाल आणि हरीश सिंहजी रावळपिंडीच्या कैदी छावणीच्या भिंतीला भोक पाडून निसटले. पेशावरमार्गे अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तेथे त्यांनी पुढच्या लंडी खाना स्टेशनाची चौकशी केली. ते स्टेशन कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेले. त्यावरून संशय आला आणि ते पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांबरोबर ते मायदेशी परतले. पुढे ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारले.

१९६५ च्या त्या फेरीत परुळकरांचे शौर्य कशात होते? त्यांच्या खाली इजेक्शन सीट होती. ती वापरून सुटता येत होते आणि तरी त्यांनी विमान आणायचे ठरवले. ठरवले, हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच महिन्यात कॅनबेराच्या नाकात बसलेल्या कपूरना ठरवण्यासारखे फार थोडे होते. धैर्य त्यांच्यापाशी कमी नसणार. दारापर्यंत पोहोचायला वेळ आणि जागा कमी होती. शौर्य दाखवायलाही माणसापुढे दोन वाटा असाव्या लागतात. एकच वाट ठेवून त्या माणसाच्या मरणाला नुसते शौर्य म्हणणे, यात आपली सोय असते. झडप कोणी आखली, खुर्ची का दिली नाही, पैसा कोठे वाचवला, हे मग विचारावे लागत नाही.

आणखी एक उदाहरण देतो. १९९९ च्या मे महिन्यात, आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाल्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा कारगिलचा संघर्ष पेटला. २१ मे रोजी टेहळणीच्या एका कॅनबेराला डोंगरावरून खांद्यावर धरून सोडलेले क्षेपणास्त्र उजव्या इंजिनाला लागले. वैमानिक स्क्वाड्रन लीडर पेरुमल, नॅव्हिगेटर स्क्वाड्रन लीडर झा. उरलेल्या एका इंजिनावर त्यांनी विमान श्रीनगरला आणून उतरवले. दोघेही सुखरूप. विमान त्या दोघांपेक्षा फार तरुण नसेल, कारण कॅनबेरा तोवर चाळीस वर्षे सेवेत होते आणि २००७ पर्यंत राहिले. हा प्रकार टेहळणीचा. दोघांच्याही खाली इजेक्शन सीट होती. ती वापरावी लागली नाही. पण ती आहे हे माहीत असताना विमान वाचवण्याची धडपड करणे वेगळे आणि एकाला आहे, दुसऱ्याला नाही, अशा विमानात ती धडपड करणे वेगळे. ज्या वैमानिकाला ठाऊक आहे की मी बाहेर पडलो तर माझा सोबती आतच राहील, त्याच्या मनावर काय ओझे असेल याची कल्पना आपण घरी बसून करू शकत नाही.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. लढाई, सन, सेनापती, जय की पराजय, अशा क्रमाने शिकवला, कारण परीक्षेत तसेच विचारतात. सेनापतीची जागा पुस्तकात ठरलेली असते. दुसऱ्या माणसासाठी ओळ ठेवलेली नसते. ११० स्क्वाड्रनच्या विमानांवर निजामाचे नाव ठळक रंगवले होते. ज्यांच्या साऱ्यातून तिजोरी भरली त्यांचे नाव त्यावर असणे शक्यच नव्हते, आणि आत बसून जर्मनीवर जाणाऱ्या दोघांचेही नव्हते. इंग्लिस यांच्याबरोबर बॉडली होते, लोवे यांच्याबरोबर कपूर, पेरुमल यांच्याबरोबर झा. ही दुसरी नावे शोधायला मला पहिल्या नावांपेक्षा दरवेळी जास्त पाने उलटावी लागली.

वाचकहो, एखादे फाटके विमान सुखरूप उतरल्याची गोष्ट तुमच्याही वाचनात येईल. नातवंडांना ती जरूर सांगा, रंगवून सांगा. फक्त शेवटी त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. विमानात आणखी कोण होते? ते कोठे बसले होते? आणि त्यांना बाहेर पडायला दार केवढे होते?